सॉफ्टनर-आरओची ड्रेन लाइन दर थंडीत गोठते? आधी ती रिकामी होते का ते पाहा

पारा शून्याखाली उतरला की पाणी मऊ करणारं सॉफ्टनर किंवा पाणी शुद्ध करणारं आरओ यंत्र असलेल्या काही घरांत ठरलेला क्रम सुरू होतो. सकाळी नळाचं पाणी खारट लागतं, नाहीतर साबणाला फेस येत नाही. मिठाच्या टाकीचं झाकण उघडावं तर पाणी काठापर्यंत आलेलं. कधी व्हॉल्व्हच्या मागची ड्रेनची, म्हणजे सांडपाण्याची, नळी सांध्यातून निसटलेली आणि खाली तळं. मग कोणीतरी बाहेर जाऊन नळीच्या तोंडाचा बर्फ फोडतं, वरून फोमचा आणखी एक थर चढवतं आणि थंडीच्या पुढच्या लाटेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. लाट आली की पुन्हा तेच.

फोमचे थर वाढवून हा त्रास कायमचा गेलेला मी पाहिलेला नाही. फोम ऊब तयार करत नाही, असलेली ऊब जायला थोडा वेळ लावतो, एवढंच. नळीत पाणी उभं राहिलं असेल आणि बाहेर रात्रभर शून्याखाली असेल, तर फोमखालचं पाणीही गोठणारच, थोडं उशिरा. म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा की काम संपल्यावर या नळीत पाणी राहतंच का? कोरडी नळी कितीही थंडीत गोठत नाही.

आत्ता गोठलेली असेल तर

सगळ्यात आधी सॉफ्टनरला पुन्हा रिजनरेशन (मिठाच्या पाण्याने रेझिन, म्हणजे पाणी मऊ करणारे दाणे, ताजे करण्याचं चक्र) करू देऊ नका. बायपास व्हॉल्व्ह फिरवून सॉफ्टनर लाइनमधून बाजूला काढा. घराला कठीण पाणी मिळेल, पण मिळेल. टायमर चालू राहिला आणि रात्री यंत्राने बंद नळीत पाणी ढकललं, तर पूर्ण दाब नळीच्या सांध्यावर येतो. खोचून क्लॅम्प लावलेली नळी तेवढा दाब सोसण्यासाठी बसवलेली नसते.

दुसरीकडे मिठाच्या टाकीचं गणित बिघडतं ते असं: मिठाचं पाणी ओढून घेण्याचं काम इंजेक्टर करतो आणि इंजेक्टर चालतो तो ड्रेनकडे वाहणाऱ्या पाण्यावर. ड्रेन बंद म्हणजे ओढणं बंद. पण टाकीत नवं पाणी भरण्याचा टप्पा टायमरवर ठरल्याप्रमाणे येतोच. जुनं पाणी गेलेलं नाही, वर नवं आलं. दोन-तीन वेळा असं झालं की टाकी काठोकाठ भरते. आत फ्लोट असेल आणि तो चालत असेल तर तिथे थांबते, नसेल तर जमिनीवर येते. आणि मीठ रेझिनमध्ये ओढून झाल्यावर, पण ते धुऊन निघण्याआधी नळी बंद पडली, तर तेच मीठ घरातल्या नळांना येतं. खारट पाणी आलं म्हणजे रेझिन खराब झालं असं समजून टाकी बदलायला निघू नका. आधी ड्रेन पाहा.

नळी वितळवताना उघड्या तोंडाकडून सुरुवात करा आणि हळूहळू आत सरका, म्हणजे वितळलेलं पाणी बाहेर पडायला वाट राहते. हेअर ड्रायर किंवा कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल पुरतो. ड्रायर वापरताना हात, वायर आणि पायाखालची जागा कोरडी हवी. ज्योत अजिबात नको, उकळतं पाणीही नको. पीव्हीसी ६० अंश सेल्सियसच्या पुढे मऊ पडू लागतो, आणि थंडीने कडक झालेल्या प्लास्टिकवर एकदम उकळतं पाणी पडलं तर तडाही जाऊ शकतो. मोटारीचं कूलंट नळीत ओतण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकोल विषारी असतं, आणि ही नळी तुमच्या पिण्याच्या पाण्याच्या यंत्राला जोडलेली आहे.

मोकळी झाल्यावर लगेच पूर्ण रिजनरेशन लावून निघून जाऊ नका. हाताने फक्त बॅकवॉश (पाणी उलटं सोडून रेझिन धुण्याचा टप्पा) सुरू करा आणि नळीच्या तोंडाशी उभं राहून धार पाहा. धार भरघोस आणि सलग असेल तर ठीक. अडखळत येत असेल तर अजून कुठेतरी बर्फ आहे, किंवा व्हॉल्व्हच्या तोंडाशी असलेल्या, धार मोजकी ठेवणाऱ्या फ्लो कंट्रोलच्या चकतीत कचरा अडकलाय. पाणी बर्फ होताना सुमारे ९ टक्के फुगतं, त्यामुळे नळी वरून धड दिसली तरी सांध्यांवर कोरडा कागद फिरवून ओल लागते का तेही बघा. मिठाच्या टाकीतलं जास्तीचं पाणी मगाने किंवा पंपाने नेहमीच्या पातळीवर आणा आणि मगच पूर्ण चक्र चालवा.

नेमकी कुठे गोठली, ते शोधून ठेवा

वितळवण्याच्या घाईत लोक ही खूण हातची घालवतात. बर्फ कुठे होता हे कळलं की कारण जवळजवळ कळलंच. मऊ नळी असेल तर अंगठा आणि बोटामध्ये दर वीतभर अंतरावर दाबत जा. रिकामी नळी दबते आणि सोडली की परत फुगते. पाण्याने भरलेली जड लागते. बर्फाच्या जागी ती काठीसारखी कडक असते, आणि कडक भाग कुठे सुरू होतो हे बोटाला स्पष्ट कळतं. तिथे टेपचा तुकडा लावून ठेवा.

कडक भाग अगदी तोंडाशी, बाहेरच्या टोकाला असेल तर बहुतेक वेळा टिपूस, म्हणजे थेंब थेंब गळणं, हे कारण असतं, त्याबद्दल खाली सविस्तर. मध्येच, नळीला झोळ पडलाय तिथे असेल तर ढाळ चुकलाय. भिंतीतून बाहेर पडते तिथे असेल तर भिंतीच्या भोकातून वारा आत येतोय, किंवा नळी भिंतीच्या आत थंड बाजूला चिकटून गेलीय. वारा हवेचं तापमान कमी करत नाही, पण नळीची ऊब भराभर पळवतो, त्यामुळे भिंतीतली बोटभर फट अख्ख्या लाइनचं काम बिघडवू शकते. ती फट आतून आणि बाहेरून नीट भरून घ्या. हे काम छोटं आहे आणि त्याचा फायदा मोठा होतो.

पाणी वाहताना का गोठत नाही

एक लिटर पाणी १० अंशांवरून शून्यावर यायला त्यातून सुमारे ४२ किलोज्यूल उष्णता जावी लागते. शून्यावरचं तेच पाणी पूर्ण बर्फ व्हायला आणखी ३३४ किलोज्यूल. म्हणजे जवळजवळ आठपट. भरघोस धारेला नळीतून बाहेर पडायला काही सेकंद लागतात, तेवढ्यात इतकी उष्णता जाऊच शकत नाही. रेझिनची टाकी १० इंची असलेल्या सॉफ्टनरचा बॅकवॉश मिनिटाला साधारण ९ लिटर पाणी टाकतो, पाण्यातलं लोह काढणारा फिल्टर त्याहून बराच जास्त. एवढं पाणी कडाक्याच्या थंडीतही बाहेर पडतं.

अडचण त्यानंतरची. मीठ ओढण्याच्या आणि हळू धुण्याच्या टप्प्यात धार एकदम बारीक होते, आणि हा टप्पा तासभर चालू शकतो. त्यानंतर जोराची धुलाई होते, चक्र संपतं, व्हॉल्व्ह बंद होतो, आणि नळीत जे उरतं ते साधं पाणी. म्हणून 'ड्रेनमधून मिठाचं पाणी जातं, ते कशाला गोठतंय' हा समज टिकत नाही. २३ टक्क्यांच्या आसपासचं मिठाचं पाणी उणे २१ अंशांपर्यंत द्रव राहतं हे खरं, पण ड्रेनमध्ये येईपर्यंत ते पातळ झालेलं असतं. १० टक्क्यांचं द्रावण उणे साडेसहाच्या आसपास गोठू लागतं. आणि शेवटी नळीत राहतं त्यात तर मीठ जवळजवळ नसतंच.

नळी रिकामी का होत नाही

ढाळ हवा हे सगळ्यांना माहीत असतं. मीटरला २ सेंटीमीटर उतार धरा, आणि तो सलग हवा, कारण मऊ नळी दोन क्लिपांच्या मध्ये लोंबते आणि प्रत्येक झोळात घोटभर पाणी धरून ठेवते. बाहेर उघड्यावरचा भाग शक्यतो कडक पाइपचा करा, किंवा नळीला खालून पट्टीचा आधार द्या.

ढाळाइतकंच महत्त्वाचं, पण क्वचितच कोणाच्या लक्षात येणारं कारण म्हणजे हवा. सॉफ्टनरचा व्हॉल्व्ह बंद झाला की नळीचं वरचं टोक बंद होतं. बारीक नळीचं एक टोक बंद असलं की ढाळ कितीही चांगला असला तरी आतलं पाणी सहज खाली येत नाही, कारण त्याची जागा घ्यायला हवा शिरू शकत नाही. स्ट्रॉच्या वरच्या टोकावर बोट ठेवलं की पाणी आत लटकून राहतं, तसंच हे आहे. नळीचं खालचं तोंड पाण्यात, चिखलात किंवा बर्फाच्या ढिगात बुडालेलं असेल तर खालूनही हवा येत नाही.

उपाय सरळ आहे आणि मला विचाराल तर या सगळ्या लेखातला हाच सगळ्यात उपयोगी: सॉफ्टनरची नळी थेट बाहेर नेऊ नका. ती घरातच, उबेच्या बाजूला, उभ्या मोठ्या पाइपच्या उघड्या तोंडात सोडा. ४० किंवा ५० मिलिमीटरचा पाइप घ्या आणि तोच पुढे भिंतीतून ढाळाने बाहेर न्या. नळीचं टोक त्या पाइपच्या तोंडात बुडलेलं नको. दोन्हींत मोकळं अंतर ठेवा, नळीच्या व्यासाच्या दुप्पट आणि किमान २५ मिलिमीटर. मोठ्या पाइपात पाणी तळाशी पातळ पसरून वाहतं, वरून हवा खेळते, आणि चक्र संपल्यावर काही क्षणांत पाइप निथळतो. पुढे कुठेही हा पाइप लहान करायचा नाही. शेवटी शोभेसाठी छोटा कोपरा लावला की सगळं केलेलं वाया जातं.

या मोकळ्या अंतराचे आणखी दोन फायदे आहेत. सांडपाणी उलटं खेचलं जाऊन पिण्याच्या लाइनकडे येण्याचा धोका राहत नाही, आणि बऱ्याच ठिकाणच्या प्लंबिंग नियमांत ते याच कारणासाठी सक्तीचं असतं. शिवाय बाहेरचा पाइप कधी गोठलाच, तर पाणी घरातल्या उघड्या तोंडातून वर येतं आणि लगेच दिसतं. व्हॉल्व्हवर दाब येत नाही, मिठाचं चक्र बिघडत नाही. त्या तोंडाखाली जमिनीला जाळीचं ड्रेन असलं तर उत्तम. नसेल तर तिथे पाणी लागताच वाजणारा छोटा अलार्म ठेवा.

काही घरांत मिठाच्या टाकीच्या ओव्हरफ्लोची नळी टी (तीन तोंडांचा जोड) लावून मुख्य ड्रेनलाच जोडलेली दिसते. ती लगेच वेगळी करा. ड्रेन तुंबला की घाण पाणी त्याच वाटेने मिठाच्या टाकीत येतं.

अर्थात घरात आतल्या ड्रेनची, कपडे धुण्याच्या यंत्राच्या उभ्या पाइपची किंवा सम्पची (पाणी साठवणाऱ्या खड्ड्याची) सोय असेल आणि स्थानिक नियमांत बसत असेल, तर लाइन बाहेर नेण्याचा विचारच करू नका. थोडी लांब नळी आतून फिरवावी लागली तरी चालेल. सॉफ्टनरची नळी दाबावर चालते, म्हणून ती छताच्या उंचीपर्यंत वर चढवून पलीकडे उतरवता येते. किती उंच आणि किती लांब चालेल हे यंत्राच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. मात्र चढत्या भागात पाणी नेहमी उभं राहणार, तेव्हा तो भाग पूर्ण उबेत हवा. न तापवलेल्या गॅरेजच्या छताला लावलेली अशी नळी मी पाहतो तेव्हा हिवाळ्यात काय होणार हे वेगळं सांगावं लागत नाही.

टिपूस

सगळं नीट असूनही तोंडाशी बर्फाचा गोळा वाढत असेल, तर यंत्र बंद असतानाही काहीतरी थेंब थेंब गळतंय. एका थेंबाची ऊब नगण्य असते, तो तोंडाशी येऊन गोठतो, पुढचा त्याच्यावर गोठतो, आणि दोन रात्रींत तोंड बंद होतं. उन्हाळ्यात हीच गळती कोणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून दोष थंडीला दिला जातो.

तपासणी अशी. रिजनरेशन संपून तासभर झाल्यावर घरातल्या बाजूचं नळीचं टोक एका कोरड्या ग्लासात सोडा आणि झोपायला जा. त्या रात्री रिजनरेशन लागणार नाही याची खात्री करा. सकाळी ग्लास कोरडा हवा. पाणी जमलेलं असेल तर व्हॉल्व्हच्या आतला पिस्टन किंवा त्याचे सील झिजलेत, किंवा त्यांच्यात वाळूचा कण, रेझिनचा दाणा अडकलाय. सीलचा संच बदलला की गळती थांबते. ही दुरुस्ती बर्फ पडण्याआधी करून घ्यावी, कारण गळती चालू असताना बाहेरच्या पाइपावर केलेला कुठलाही खर्च अर्धवटच उपयोगी पडतो.

त्याच ड्रेनमध्ये आणखी कोण पाणी सोडतंय तेही बघा. कंडेन्सिंग बॉयलर किंवा फर्नेसचं पाणी, डीह्युमिडिफायरचं पाणी, हे सगळं थेंबाथेंबाने आणि नेमकं थंडीतच येतं. ते बाहेर जाणाऱ्या लाइनमधून काढून आतल्या ड्रेनला द्या.

आरओचं वेगळं दुखणं

आरओची सांडपाण्याची नळी सहसा पाव इंची, आणि तिच्यातून जाते ती मुळातच बारीक धार, कारण फ्लो रिस्ट्रिक्टर हा छोटा भाग ती तशी ठेवतो. तिला जोर नसतो, म्हणून मोठ्या धारेचा युक्तिवाद इथे लागू पडत नाही. माझं मत स्पष्ट आहे: आरओची नळी थंडीत बाहेर सोडूच नका. सिंकखालच्या ड्रेनला एअर गॅपसह, म्हणजे वर सांगितलेलं मोकळं अंतर ठेवून, जोडा. ती गोठली तर पाणी मेम्ब्रेनवरून (पाणी गाळणाऱ्या पडद्यावरून) वाहून जाणं थांबतं, क्षार तिथेच साचत जातात, टाकी हळू भरते आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) चढत जातो. नळी मोकळी झाल्यावर पहिली भरलेली टाकी पिण्याला न वापरता ओतून द्या. आणि यंत्रच थंड जागेत असेल तर मेम्ब्रेन गोठलं की ते गेलंच असं धरा.

टाकी भरल्यावरही आरओचं सांडपाणी चालू राहत असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून काही मिनिटं थांबा. तरीही वाहत राहिलं तर टाकी भरल्यावर पाणी थांबवणारा ऑटो शट-ऑफ व्हॉल्व्ह किंवा पाणी उलटं येऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह तपासा. थांबलं तर टाकीतल्या हवेचा दाब तपासा, रिकाम्या टाकीत तो ७ पीएसआयच्या आसपास हवा.

लाइन बाहेर न्यावीच लागणार असेल तर

उघड्यावरचा भाग जितका आखूड तितका बरा. तोंड जमिनीपासून इतकं वर ठेवा की बर्फ साचला तरी आणि सांडलेल्या पाण्याचा बर्फाचा थर चढला तरी ते मोकळं राहील. फूटभर उंची ही सुरुवात समजा, जिथे बर्फ जास्त पडतो तिथे अधिक. खाली पाणी साचू नये, पायवाटेवर येऊ नये. तिथे बर्फाची लादी तयार होते आणि पाय घसरतो. जमिनीखालून न्यायची असेल तर त्या भागात जमीन जितक्या खोलीपर्यंत गोठते त्याच्या खाली, पूर्ण ढाळाने, आणि शेवटी निचरा होणाऱ्या शोषखड्ड्यात. खड्डा गाळाने भरला असेल तर पाणी पाइपात मागे उभं राहतं, म्हणून शरद संपायच्या आत एक बादली पाणी ओतून ते उतरतंय का पाहा.

रिजनरेशनची वेळ बदलणं फुकटचं आहे आणि तरीही क्वचितच केलं जातं. बहुतेक सॉफ्टनर कारखान्यातून रात्री २ ची वेळ लावून येतात. सगळ्यात जास्त थंडी पहाटे, सूर्योदयाच्या सुमारास असते. म्हणजे नळी ओली होते आणि लगेच सगळ्यात कडक तास सुरू होतात. हिवाळ्यापुरती ती दुपारी १२ ते २ मध्ये आणा, जेव्हा घरात पाण्याचा वापर कमी असतो, कारण चक्र चालू असताना नळांना न शुद्ध केलेलं पाणी येतं. एकाच लाइनवर दोन यंत्रं असतील तर दोघांच्या वेळा एकमेकींवर येऊ देऊ नका.

हीटिंग केबल मी शेवटी सांगतो, कारण ती वीज गेली की थांबते, आणि वीज अनेकदा वादळातच जाते. लावायचीच तर स्वतः ताप कमी-जास्त करणारी, प्लास्टिकच्या पाइपावर चालेल असं स्पष्ट लिहिलेली घ्या. ती पाइपाच्या खालच्या अंगाने सरळ, ॲल्युमिनियमच्या टेपने चिकटवा, आणि फोम तिच्यावरून. सारख्या वॅटची जुन्या पद्धतीची केबल स्वतःवरून ओलांडली तर त्या जागी पाइप वितळतो आणि आगही लागू शकते. जोडणी आरसीडी किंवा जीएफसीआय (वीज गळताच पुरवठा तोडणारं संरक्षण) असलेल्या सॉकेटलाच हवी. पाव इंची आरओ नळीला ती गुंडाळू नका. केबल लाइनच्या अगदी तोंडापर्यंत न्या. शेवटची वीतभर सोडली तर बर्फाची बुचं तिथेच बसतात.

थंडीत घर काही दिवस बंद राहणार असेल तर सॉफ्टनर बायपासवर टाका आणि ऑटो रिजनरेशन बंद ठेवा. आरओचा पुरवठा बंद करून टाकी रिकामी करा. घरातलं तापमान शून्याजवळ जाणार असेल तर एवढ्याने भागत नाही. सॉफ्टनरचा मुख्य व्हॉल्व्ह, आरओचे फिल्टर, सगळ्यांतलं पाणी पुस्तिकेत दिल्याप्रमाणे काढावं लागतं, आणि काढलेलं मेम्ब्रेन ओलं ठेवून उबेच्या जागी न्यावं लागतं. परत आल्यावर पाणी सुरू करण्याआधी बाहेरच्या पाइपाचं तोंड मोकळं करा, पहिलं चक्र दिवसा लावा, आणि ते चालू असताना घरातच राहा.